अकरा श्वास

थोरल्याने हातातली संहिता टेबलावर इतक्या जोरात आपटली की तिची पिन निघाली आणि पानं जमिनीवर पसरली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

“पुन्हा,” तो म्हणाला.

तालमीच्या हॉलच्या मध्यभागी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या. तो नगराचा दरवाजा. अलीकडे दंतवैद्य उभा होता. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून संध्याकाळी सहाला तो पहारेकरी होत असे. पलीकडे राजा, म्हणजे एरवी विमा विकणारा गृहस्थ, छातीत बाण लागल्यामुळे एका गुडघ्यावर आलेला.

“मला ओळखत नाहीस?” राजा कळवळून म्हणाला.

दंतवैद्याने घसा खाकरला. एक भुवई वर चढवली. मग शेवटच्या अक्षराला झोका देत तो म्हणाला, “ओळखतो महाराऽऽज...”

राजा मरायला टेकला होता, तरी त्याला हसू फुटलं. भिंतीशी बसलेले सैनिक एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागले. दंतवैद्यही ओशाळून हसला.

“कुठे शिकलात हे?” थोरल्याने विचारलं. आवाज खाली आला होता. त्याला ओळखणारे लोक अशा वेळी दाराकडे सरकत.

“मोबाईलवर बघितलं, सर. म्हटलं अभ्यास करून जावं. पाठच झालंय. आमच्या दवाखान्यात तर पेशंटसुद्धा म्हणतात.”

“डॉक्टर, तुम्ही जे बघितलंत ते हे नाटक नाही.”

“पहारेकरीच होता ना पण?”

“ती माकडचेष्टा आहे. माझ्या भावाची.”

गोष्ट तशी सगळ्यांनी शाळेत ऐकलेली. युद्धावर जाताना राजाच पहारेकऱ्याला बजावतो, सूर्य मावळला की दार कुणालाही उघडायचं नाही, मी आलो तरी नाही. आणि नेमका तोच जखमी होऊन, मागे शत्रू घेऊन, काळोखात दाराशी येतो. तीनदा हाक मारतो. तिसऱ्यांदा विचारतो, मला ओळखत नाहीस? पहारेकरी बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणतो, “ओळखतो महाराज. म्हणूनच उघडत नाही.” राजा दाराबाहेर मरतो, नगर वाचतं.

एकतीस वर्षांपूर्वी थोरल्याने हा पहारेकरी केला होता. त्या वेळी कॅमेरे घेऊन कुणी नाटकाला येत नसे. उरले होते दोन फोटो आणि एक परीक्षण. ते परीक्षण त्याच्या बैठकीच्या खोलीत काचेमागे टांगलं होतं आणि पाहुण्यासाठी चहाचं पातेलं चढायच्या आत त्याची नजर तिकडे जाईल अशी खुर्ची मांडलेली होती. त्यात लिहिलं होतं, ‘उत्तरापूर्वीची ती शांतता हा या अभिनेत्याच्या प्रतिभेचा कळस. पहारेकरी त्या क्षणी दाराकडे पाहतच नाही. तो दूर कुठेतरी, जणू आपल्या विवेकाकडे पाहतो.’

पाच वर्षांनी धाकट्याने ‘उद्या या’ लिहिलं. धाकट्याचा धंदाच तो. जुन्या गोष्टी घ्यायच्या आणि त्यांना उलटं टांगून झटकायचं. राजकन्येला पळवून नेणारा राक्षस त्याच्याकडे आला की महिन्याभरात तिच्या बापाला पत्रं लिहायला लागे, आपली मुलगी परत घेऊन जा म्हणून. बारा वर्षं न झोपलेला तपस्वी वर मागताना जांभया देई आणि देवाकडे उशी मागे. लोक पोट धरून हसत. ‘उद्या या’मधला पहारेकरी राजाकडे ओळखपत्र मागे, घसा खाकरून भुवई उडवे, आणि ऐन वेळी पुढचं वाक्यच विसरे. खिसे चाचपे, बूट काढून त्यात बघे, शेवटी विंगेकडे तोंड करून ओरडे, “अरे, पुढे काय?” आणि विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज येई, “नाही सांगत, जा!”

थोरल्याने ते नाटक एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच पडली नाही. लग्नात, बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या दुकानात लोकांनी ते त्याला करून दाखवलं. त्याच्या स्वतःच्या नाटकाला पुढच्या महिन्यात असं झालं, की राजाने तिसरी हाक मारली आणि तो शांत उभा राहिला, तेव्हा बाल्कनीतून कुणीतरी घसा खाकरला. सगळं नाट्यगृह फुटलं. चार प्रयोग त्याने दातओठ खात रेटले. पाचवा झाला नाही.

आता नाट्यगृहाची डागडुजी होऊन ते पुन्हा उघडणार होतं आणि उद्घाटनाला कोणतं नाटक करायचं असं विचारायला मंडळी त्याच्याकडे आली होती. गुडघे गेले होते, वय चौसष्ट. स्वतः उभं राहणं शक्य नव्हतं. पण बसवून देणं शक्य होतं. सव्वीस वर्षं लोकांनी ज्या जागी दात काढले तिथे एकदा, एकदाच, सगळं नाट्यगृह चिडीचूप बसलेलं त्याला बघायचं होतं. त्यासाठी तो या दंतवैद्याशी डोकं फोडत होता.

“बाजूला व्हा,” तो म्हणाला. “मी दाखवतो.”

तो खुर्च्यांमागे गेला. हात दारावर ठेवला. राजाने हाक मारली, मला ओळखत नाहीस? थोरला थांबला, आणि मग त्याच्या तोंडून वाक्य निघालं, “ओळखतो महाराऽऽज...”

झोक्यासकट. भुवईसुद्धा उडाली असावी, कारण हॉलमध्ये एकदम टाळ्या पडल्या. सर विनोद करताहेत असंच सगळ्यांना वाटलं. दंतवैद्य तर म्हणाला, “सर, तुम्ही तर त्याच्याहून भारी करता!”

थोरल्याने पुन्हा प्रयत्न केला नाही. त्याने जमिनीवरची पानं स्वतः गोळा केली, उलटसुलट लागली तशीच पिशवीत कोंबली आणि तो बाहेर पडला. वाटेत तो तोंडातल्या तोंडात ते वाक्य म्हणून बघत होता. दहा वेळा, वीस वेळा. प्रत्येक वेळी धाकट्याचंच निघत होतं. त्याचं स्वतःचं कसं होतं ते त्याला काही केल्या आठवेना. कुणी घरात शिरून भांडी नेली असती तरी त्याचा इतका संताप झाला नसता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊला तो धाकट्याच्या दारात उभा राहिला. दार भावजयीने उघडलं.

“दादा? तुम्ही?” तिचा चेहरा उतरला. “या ना आत. सगळं ठीक आहे ना घरी?”

आतल्या खोलीत धाकटा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसला होता. चष्मा कपाळावर. त्याने वर पाहिलं.

“बस,” तो म्हणाला. “कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही.”

“मग तू कसा काय आलास?”

“माझा प्रवेश परत दे.”

“कुठला प्रवेश?”

“नाटक करू नकोस.”

“तेच तर करतो मी. पोट आहे त्याच्यावर.”

“दात काढू नकोस माझ्यासमोर!” थोरला ओरडला. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. “सव्वीस वर्षं मूग गिळून बसलो. भाऊ आहे म्हणून. कामातून उठवलंस मला. माझ्या आयुष्यात एक गोष्ट धड केली होती मी, एकच, तिचं माकड करून नाचवलंस गावभर. काल मी तोंड उघडलं तर तुझा आवाज आला! माझ्या तोंडातून! माझं काय होतं तेसुद्धा तू ठेवलं नाहीस माझ्याजवळ.”

धाकट्याने नेलकटर मिटलं. कापलेली नखं त्याने कागदात गुंडाळली, शांतपणे, एखादं औषध पुडीत बांधावं तशी. थोरल्याचं डोकं त्यानेही फिरलं.

“माझ्याजवळ आहे,” धाकटा म्हणाला.

“काय?”

“तुझं. होतं ते.”

तो उठला, कपाटाच्या खालच्या खणात बराच वेळ उचकाउचक केली आणि एक वही बाहेर काढली. खाकी कागदाचं कव्हर, त्यावर कपाचा गोल डाग. त्या नाटकाची प्रॉम्प्टरची प्रत. त्या वेळी चोवीस वर्षांचा धाकटा डाव्या विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करी, हे थोरल्याला माहीत होतं, पण त्या कामात लिहून ठेवण्यासारखं काही असतं हे त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

त्याने वही उघडली. छापल्यासारख्या बारीक अक्षरात समास भरले होते. ‘डावा पाय अर्धा पुढे. अडसरावर उजवा पंजा, मूठ नाही.’ ‘इथे गिळतो.’ ‘पहिली हाक: मान हलत नाही, फक्त बोटं.’ शब्दांच्या मध्ये पेन्सिलीच्या उभ्या रेघा.

“या रेघा कसल्या?”

“विराम. एक रेघ म्हणजे तुझा एक श्वास. नट गप्प झाला की प्रॉम्प्टरला ठरवावं लागतं, हा थांबलाय की विसरलाय. थांबला असेल आणि आपण सांगितलं तर तो आपला जीव घेतो. विसरला असेल आणि नाही सांगितलं तरी घेतो. म्हणून मोजायचो.”

थोरला उभ्याउभ्या वाचत राहिला. त्याचा उजवा हात आपोआप पुढे झाला, बोटं पसरली. पंजा, मूठ नाही. बरोबर. तसंच होतं. खांदा आठवला, मग मान आठवली. इतक्या बारकाईने त्याच्याकडे आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं, बायकोनेही नाही. ते पाहून त्याला बरं वाटायला लागलं आणि बरं वाटतंय म्हणून अधिकच राग आला.

शेवटच्या पानावर, ‘मला ओळखत नाहीस?’ या वाक्याखाली, अकरा रेघा होत्या. त्याखाली तारीख, पहिल्या प्रयोगाची. आणि दोन वाक्यं: ‘विसरला. सांगितलं नाही.’

त्याने ती पुन्हा वाचली.

“हे काय लिहिलंयस?”

“काय झालं ते.”

“मी विसरलो नव्हतो. तो विराम होता. मी दोन महिने त्याच्यावर—”

“दादा, तू माझ्याकडे बघत होतास.”

थोरल्याने वहीवरची नजर उचलली.

“डावीकडे, विंगेत. डोळे असे झालेले. घाम वाहत होता. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी नाही सांगितलं.”

“का?”

“राग आला होता तुझा.”

खिडकीखालून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. ती लांब जाईपर्यंत धाकटा थांबला.

“त्या दिवशी दुपारी मी तुला माझं नाटक वाचायला दिलं होतं. पहिलंच. गंभीर होतं, दोन भावांचं. तू जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलंस. आवाज काढून. बाईचा आवाज काढलास, म्हाताऱ्याचा काढलास. लोक ताटावरून उठून हसत होते.”

“मला आठवत नाही.”

“नसेल. फार छान केलं होतंस. मलासुद्धा हसू आलं.” धाकट्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “रात्री तुझी फजिती व्हावी एवढंच मनात होतं. मोजत होतो. तीन, चार, पाच. म्हटलं आता लोक हसतील. सात झाले, आठ झाले. कुणी हसेना. कुणी खोकेना. मग माझीच पाचावर धारण बसली. अकराव्याला तुला आठवलं. पडदा पडल्यावर तू मला तुडवणार म्हणून मी मागच्या जिन्यात लपून बसलो होतो. आणि तू हारतुरे घेत होतास.”

“मी विसरलो नव्हतो,” थोरला म्हणाला. पण ते वाक्य त्याने विंगेकडे बघावं तसं भावाकडे बघत म्हटलं.

“दुसऱ्या प्रयोगाला तू अकरा श्वास थांबलास. बरोबर अकरा. डावीकडे बघून. त्यानंतर रोज.”

“आणि हे तू कुणाकुणाला सांगितलंस?”

“सगळ्यांना. तीनशे प्रयोग केले त्याचे. पहारेकरी विसरतो आणि प्रॉम्प्टर सांगत नाही. जसं झालं तसं ठेवलंय. कुणाचा विश्वास बसला नाही, सगळे हसले.”

थोरल्याचा हात उठला. खरोखरच उठला, आणि दोघांचंही वय इतकं झालं होतं की धाकटा मागे सरकला नाही, नुसता बघत राहिला. दारात भावजय चहाचे कप घेऊन उभी होती. थोरल्याने हात खाली घेतला, वही काखेत मारली आणि चपला पायात नीट न सरकवताच जिना उतरला.

“दादा, ती प्रत माझी आहे!” वरून धाकटा ओरडला. “परत आणून दे!”

पुढचे पंधरा दिवस थोरल्याने दंतवैद्याला वहीबरहुकूम घडवलं. पाय, पंजा, मान, बोटं. झोका गेला, भुवई खाली बसली. माणूस मेहनती होता, हात तर सुरेख चालायचे त्याचे. अडत होतं ते एकाच जागी.

“मोजताय तुम्ही,” थोरला म्हणे. “ओठ हलतात.”

“अकरा म्हणालात ना, सर?”

“म्हणालो. पण मोजू नका. आणि डावीकडे बघा.”

“डावीकडे काय आहे पण?”

“विवेक!” थोरला खेकसला.

दंतवैद्य डावीकडे बघे. एखाद्या पेशंटची दाढ किडली आहे की नुसती काळी पडली आहे, हे ठरवत असल्यासारखा. मग वाक्य येई, स्वच्छ, बिनचूक, आणि हॉलमध्ये कुणाला काही होत नसे. हसतही नव्हते, हे खरं. पण कुणी जांभई देई, कुणी घड्याळ बघे. न हसणारे लोकही इतका संताप आणू शकतात हे थोरल्याला नव्याने कळलं. घरी येऊन तो बायकोवर ओरडे, जेवण अर्धं टाके. काचेमागचं परीक्षण त्याने उतरवून ठेवलं आणि मग भिंतीवर दिसणारा चौकोन खुपायला लागला म्हणून पुन्हा लावलं.

खरं काय ते दंतवैद्याला सांगावं असं दोनदा त्याच्या तोंडावर आलं. दोन्ही वेळा त्याने त्याला भलत्याच चुकीवरून झापलं.

रंगीत तालमीला नव्या खुर्च्यांवर शंभरेक माणसं होती. रंगारी, वायरमन, सुतार, त्यांच्या घरचे, नटांचे सासरमाहेर. प्रॉम्प्टिंगला थोरला स्वतः बसला. डावी विंग, स्टूल, मांडीवर खाकी कव्हरची वही. इथून नाटक असं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. नटाच्या मानेवरचा घाम दिसतो, अंगरख्याची टाचणी दिसते, आणि प्रेक्षक अजिबात दिसत नाहीत, नुसते जाणवतात.

दंतवैद्य सुरुवातीपासून बिचकला होता. दिवे पहिल्यांदाच अंगावर आलेले. पहिली हाक आली. दुसरी आली.

“मला ओळखत नाहीस?”

पंजा अडसरावर, मान स्थिर. दंतवैद्याने डावीकडे पाहिलं.

तीन श्वास झाले तेव्हा थोरल्याच्या लक्षात आलं की दंतवैद्याचे ओठ हलत नाहीत. पाच झाले. डोळे मोठे झाले होते आणि ते सरळ थोरल्याच्या डोळ्यांत घुसले होते. त्यात कसला विवेक? तिथे आधी विनवणी होती, मग धाक, मग उघडउघड शिवी. पाच शब्दांचं वाक्य होतं. ओठ हलवले असते तरी पुरलं असतं.

थोरल्याने तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात त्याला नाट्यगृह ऐकू आलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. शंभर माणसं, त्यात लहान मुलं, आणि खुर्ची करकरत नव्हती. त्याने तोंड मिटलं आणि ओठ दाताखाली धरले. दंतवैद्याच्या त्या पहिल्या घसा खाकरण्याचा सूडही त्यात थोडा होता, नव्हता असं नाही. सात. नऊ. राजा गुडघ्यावर बसून, दाराच्या फटीतून, खरोखर घाबरून बघायला लागला होता.

“ओळखतो महाराज,” दंतवैद्य म्हणाला. आवाज फाटला. “म्हणूनच उघडत नाही.”

पुढच्या रांगेत कुणीतरी बाई रडली. पडदा आला आणि त्यानंतरही क्षणभर टाळी पडली नाही.

पडदा टेकताच दंतवैद्य विंगेत घुसला. शिरस्त्राण त्याने उपटून काढलं होतं.

“सांगितलं का नाहीत?” तो ओरडला. इतक्या तालमींत तो पहिल्यांदाच सरांवर ओरडत होता. “बघत होतात तुम्ही! पुस्तक मांडीवर! मेलो होतो मी तिथे! काय माणूस आहात तुम्ही?”

थोरल्याने वही मिटली. उठताना गुडघ्यातून कळ आली.

“मला वाटलं, तुम्ही थांबला आहात,” तो म्हणाला.

“थांबलो? मी—” दंतवैद्य बोलता बोलता अडखळला. पडद्यापलीकडे आता टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या संपत नव्हत्या. त्याने तिकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. “असं वाटलं?”

“सगळ्यांनाच वाटलं.”

दंतवैद्याने बाहीने तोंड पुसलं. नमस्काराला जायचं होतं, राजा हात हलवून बोलावत होता. तो गेला. थोरला स्टुलाजवळ उभा राहिला. एकामागून एक माणसं स्टेजवर चढू लागली, पहारेकऱ्याच्या भोवती घोळका झाला. कुणीतरी विचारलं की ते मधे इतका वेळ गप्प राहणं कसं काय जमलं.

“त्याचं काय आहे,” दंतवैद्याचा आवाज विंगेपर्यंत स्पष्ट आला. श्वास अजून खाली बसला नव्हता, पण शब्द ठामपणे येत होते. “ती जागा मी मुद्दाम तशी घेतो. दोन महिने काम केलंय त्याच्यावर.”

थोरल्याच्या तोंडावर शिवी आली. चांगली सणसणीत. फक्त ती कुणाला द्यायची, हे त्याला पटकन ठरवता येईना.